गुंडूला न येणारा शब्द

आजरा एसटी स्टँडसमोर शालनआत्याची खानावळ होती आणि त्या खानावळीत ‘संपलं’ हा शब्द उच्चारायला बंदी होती.

भाकरी संपली तर ‘भाकरी वाढली’ म्हणायचं. काचेचा पेला हातून निसटून फुटला तर ‘पेला वाढला’. दुकान बंद करायचं नाही, ‘वाढवायचं’. दिवा विझवायचा नाही, ‘शांत करायचा’. जेवून निघालेल्या गिऱ्हाइकाने चुकून ‘जातो’ म्हटलं, तर आत्या त्याला दारातून परत बोलवायची, पाण्याचा पेला हातात द्यायची आणि ‘येतो’ असं म्हणवून घेऊनच सोडायची. एका कंडक्टरची गाडी यापायी दोनदा उशिरा सुटली होती.

अशा घरात गुंडू वाढला. उंचीने तो आला तसाच राहिला: कमरेएवढा, तीन चाकांचा, दोन लांब हातांचा आणि वर हंडीसारखं गोल डोकं. पण सहा महिन्यांपूर्वी तो आला तेव्हा ते डोकं अगदी कोरं होतं.

शाळांच्या यंत्रमानव स्पर्धेत त्या वर्षी नवा गट निघाला होता, संगोपन गट. एरवी मुलं यंत्राला संगणकावर सूचना लिहून देत. या गटात एक ओळसुद्धा लिहायची नव्हती. विभागातल्या चोवीस शाळांना संस्थेने एकेक कोरं यंत्र दिलं होतं. ते एखाद्या घरात ठेवायचं, घरच्यासारखं वागवायचं, आणि सहा महिन्यांनी कोल्हापूरला आणायचं. तिथे अनोळखी परीक्षक त्याला मराठीत कामं सांगणार. पहिल्या तीन शाळांना आपापलं यंत्र कायमचं मिळणार होतं. बाकीच्या एकवीस यंत्रांची डोकी पुसून ती पुढच्या वर्षीच्या मुलांना द्यायची होती.

आजऱ्याच्या संघात दोघंच होती. नववीतली मुक्ता शिंत्रे कप्तान होती, कारण शालनआत्या तिची सख्खी आत्या. आणि झुबेर तकीलदार सहकप्तान होता, कारण स्पर्धेची छत्तीस पानी नियमावली अख्ख्या शाळेत फक्त त्याने वाचली होती.

“मुक्ते, पहिल्या तिघांत नाही आलो तर—” निघायच्या सकाळी झुबेर बोलायला लागला.

“अभद्र बोलू नको,” आत्या आतून ओरडली. “आणि मीपण येणाराय. गुंडू कधी एकटा राहिलेला न्हाई.”

मुक्ताने झुबेरकडे पाहिलं. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनात आत्याने सगळ्यांसमोर मुख्याध्यापकांना ‘जातो नव्हं, येतो म्हणा’ असं सुनावलं होतं. त्यानंतर आठवडाभर पोरं मुक्ताला ‘येतो गं’ म्हणून चिडवत होती. तेव्हापासून तिने आत्याला शाळेतल्या कशाचंच आमंत्रण दिलं नव्हतं.

“आत्या, तिथे मोठमोठी माणसं असतात,” ती म्हणाली.

“मग त्यांना भूक लागत न्हाई व्हय?” असं म्हणून आत्याने दहा माणसांचा डबा उचलला आणि ती एसटीत जाऊन बसलीसुद्धा. मागून गुंडू चढला. त्याच्या छातीवरच्या छोट्या फळीवर बडीशेपेची वाटी होती. ती वाटी घेतल्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे.

*

गुंडूच्या डोक्यात होता तो संगत-मेंदू. नाव भारदस्त आहे, पण गोष्ट समजायला सोपी आहे.

या मेंदूत शब्दकोश नसतो. तान्हं मूल जसं शिकतं तसाच तो शिकतो. ‘पाणी’ असा आवाज कानावर पडला आणि पाठोपाठ कुणी पेला भरला, की त्या आवाजापासून त्या कृतीपर्यंत एक पुसट पायवाट उमटते. उद्या पुन्हा तसंच घडलं की वाट थोडी मळते. शंभर वेळा घडलं की तिच्यावरून बैलगाडी जाऊ शकते. ज्या वाटेने कुणी जात नाही तिच्यावर गवत चढतं. सहा महिन्यांत अशा कोट्यवधी वाटा तयार होतात आणि त्या एकमेकींत अशा गुंततात, की त्यांतली नेमकी एक उचलून दाखवणं यंत्र बनवणाऱ्यालाही जमत नाही. शब्दाचा अर्थ काय, असं या यंत्राला विचारलं तर त्याचं उत्तर एकच: तो शब्द बोलल्यावर जे घडतं ते.

आता यातली गंमत पाहा. शालनआत्याच्या खानावळीत गुंडू कधीच चुकत नव्हता. ती ‘दुकान वाढव’ म्हणाली की तो खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवायचा आणि शटर ओढायचा. ती ‘नारळ वाढव’ म्हणाली की तो एका फटक्यात नारळ फोडायचा. मुलांनी सराव घेतला तोही तिथेच, आत्याच्या समोर, आत्याच्याच शब्दांत. त्यामुळे गुंडू मराठी शिकलाय अशी सगळ्यांची पक्की समजूत झाली होती. तो शालनआत्या शिकलाय हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

*

कोल्हापूरच्या सभागृहात रंगमंचावर एक खोटं घर उभं केलं होतं. एक दार, एक टेबल, चार खुर्च्या, एक फडताळ आणि भिंतीवर बटणांची पाटी. विजेच्या माणसाने सोय म्हणून अख्ख्या सभागृहाचे दिवेही त्याच पाटीला जोडले होते.

मुख्य परीक्षक होते डॉ. मेहेंदळे. भाषा आणि यंत्रं या विषयात त्यांचा मोठा अधिकार होता. उंच, काटकुळे, आणि तोंडातून निघणारं प्रत्येक वाक्य छापायला देता येईल असं. नियमाबाहेर एक पाऊल टाकायचे नाहीत, असं त्यांच्याबद्दल सगळे सांगत. सकाळपासून ते हसले नव्हते.

“हा मास्तर जेवलेला दिसत न्हाई,” आत्या तिसऱ्या रांगेतून कुजबुजली. तिची कुजबुज सातव्या रांगेपर्यंत पोचली.

आजऱ्याच्या आधी नऊ यंत्रं झाली होती. त्यांनी कामं चोख केली होती, पण ती सगळी एकाच आवाजात, एकाच पद्धतीने ‘होय, आपली सूचना समजली’ म्हणत होती. आजऱ्याचे कुराडे सर मुलांच्या कानाशी लागले. “त्यांनी मानक पदर चढवलाय. शिकलेल्या भाषेवर शब्दकोशातल्या अर्थांचा एक थर. नियमात बसतंय. आपण नाही चढवला.”

“आपला गुंडू हुशार आहे, सर,” मुक्ता म्हणाली.

पहिली फेरी सुरू झाली. गुंडू खोट्या घरात उभा राहिला. डॉ. मेहेंदळे दाराबाहेर उभे राहिले आणि कागदावरचं पहिलं वाक्य त्यांनी स्पष्ट उच्चारांत वाचलं.

“मी आत येतो.”

गुंडू लगबगीने पुढे आला. त्याने बडीशेपेची वाटी डॉ. मेहेंदळ्यांच्या नाकासमोर धरली. मग विंगेत कुणाच्या तरी काढून ठेवलेल्या चपला होत्या त्या आणून त्यांच्या पायांपाशी जोडीने मांडल्या. “जेवण बरं झालं न्हवं? पुन्हा यायचं,” असं म्हणाला आणि दार लोटून घेतलं.

सभागृहात हशा पिकला. डॉ. मेहेंदळ्यांनी दार ढकललं. आतून गुंडूने ते अदबीने पुन्हा लोटलं.

“मी आत येतो आहे!”

“हां हां, पुन्हा यायचं,” गुंडू म्हणाला.

हशा आवरेना. डॉ. मेहेंदळे प्रेक्षकांकडे वळले आणि हात वर करून गरजले, “शांत! हे सगळं शांत करा!”

गुंडूने हात लांब केला आणि पाटीवरची सगळी बटणं खटाखट बंद केली. सभागृह काळंकुट्ट झालं.

“कुणी केलं हे?” अंधारातून डॉ. मेहेंदळ्यांचा आवाज आला.

“गुंडूनं,” गुंडूने प्रामाणिकपणे सांगितलं.

दिवे लागल्यावर बाकीची कामं त्याने बरी केली. लाल डबा फडताळात ठेवला, टेबल तर सांगितल्याच्या दुप्पट स्वच्छ पुसलं. शंभरातले एकसष्ट गुण मिळाले.

“काय भावा,” शहरातल्या एका मोठ्या शाळेचा कप्तान झुबेरला म्हणाला, “तुमचा रोबो लग्नात आहेर-मानपान बघायला ठेवा की.”

“ठेवतो. तुझ्या लग्नात,” झुबेर म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले होते.

दुसरी फेरी वेगाची होती. टोपलीतले चेंडू वेळेत पलीकडच्या पिंपात न्यायचे. गुंडू मन लावून खेपा घालत होता. चाळीसपैकी सव्वीस चेंडू झाले. घड्याळात एक मिनिट उरलं होतं. डॉ. मेहेंदळ्यांनी कागदावरची पुढची सूचना वाचली.

“वेग वाढव.”

गुंडू जागच्या जागी थांबला.

“वेग वाढव!”

गुंडूने हातातला चेंडू टोपलीत परत ठेवला आणि टोपलीवर झाकण घातलं.

काय झालंय ते मुक्ताला त्याच क्षणी कळलं. पण फेरी चालू असताना संघाने बोलायचं नसतं. तिने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले.

“अजून वाढव! वाढव, वाढव!” डॉ. मेहेंदळ्यांचा आवाज चढला.

पुन्हा पुन्हा सांगतायत म्हटल्यावर उशीर झाला असणार, असं गुंडूला वाटलं. तो धावत सुटला. त्याने खोट्या घरातल्या चारही खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवल्या. मग रंगमंचावरून उतरून परीक्षकांच्या टेबलाकडे गेला. दोन परीक्षक घाईने उठले, त्यांच्या खुर्च्या वर गेल्या. शेवटी तो डॉ. मेहेंदळ्यांच्या रिकाम्या खुर्चीपाशी आला. तीही त्याने उलटी करून ठेवली आणि त्यांच्याकडे वळून शालनआत्याच्याच सुरात म्हणाला, “आता उद्या या, साहेब. सकाळी पोहे असत्यात.”

तिसऱ्या रांगेत एकटी आत्या टाळ्या वाजवत होती. “बघा! एक खुर्ची विसरला न्हाई!”

गुण मिळाले अडतीस.

*

मध्यंतरात कुराडे सर एक कागद घेऊन आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

“आता एकच उपाय आहे. मानक पदर. पाच मिनिटांचं काम आहे. पण गुंडू ज्यांच्या घरी राहिला त्यांचा अंगठा लागतो. शालनताई, तुमचा.”

आत्याने पदराला हात पुसले. “त्यानं काय हुईल?”

“तो सगळ्यांसारखं मराठी समजेल. ‘वाढव’ म्हटलं की वाढवेल.”

“आणि मी सांगितलेलं?”

“ते आत राहील. पण वर थर आला की खालची वाट वापरात राहत नाही. हळूहळू बुजते.”

“म्हणजे मी ‘येतो म्हण’ म्हटलं की?”

“तो विचारेल, कुठे यायचंय.”

आत्याने गुंडूच्या हंडीवर बसलेली धूळ बोटाने टिपली. गुंडूने सवयीने वाटी पुढे केली. तिने चिमूटभर बडीशेप उचलली आणि नुसतीच हातात धरून ठेवली.

मुक्ता पाहत होती. गेल्या सहा महिन्यांत खानावळीत काय बदललं होतं ते तिला आत्ता नीट आठवलं. आधी आत्याचं दिवसभराचं बोलणं म्हणजे ‘भात?’, ‘आमटी?’ आणि ‘ताक?’ एवढंच. गुंडू आल्यापासून ती त्याला सगळं समजावून सांगायची. तांदूळ का निवडायचा, फुटलेल्याला फुटलं का म्हणू नये, जाणाऱ्याने येतो का म्हणावं. तिला कुणीतरी विचारत होतं ‘का?’ म्हणून. घरातल्या माणसांनी विचारलं नव्हतं कधी. मुक्ताने तर फक्त चुका काढल्या होत्या.

“द्या सर, कुठं लावायचा अंगठा,” आत्या म्हणाली. “ते... तसलं काय हुण्यापरीस हे बरं. घरात तरी ऱ्हाईल.”

“थांब आत्या,” मुक्ता म्हणाली.

“अगं, न्हाईतर त्याचं डोकं...” आत्याला पुढचा शब्द उच्चारता येईना.

“थांब म्हणते ना. झुबेर, शिकवायला वेळ मिळतो ना रे मधे?”

झुबेरने नियमावली आधीच उघडली होती. “नियम चौदा. ‘तिसऱ्या फेरीपूर्वी संघास शिकवण्यासाठी दहा मिनिटे देण्यात येतील.’ पण मुक्ते, दहा मिनिटांत गुंडू काय शिकणार? एकेक वाट मळायला शंभर शंभर वेळा—”

“शिकवण्यासाठी. कुणाला?”

झुबेरने ओळ पुन्हा वाचली. मग पान उलटून मागे पाहिलं. मग पुढे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

“लिहिलेलं नाही,” तो म्हणाला.

*

“मला?” डॉ. मेहेंदळे म्हणाले.

“हो सर. नियम चौदा. कुणाला शिकवायचं ते लिहिलेलं नाही.” मुक्ताने त्यांच्यावरची नजर हलवली नाही. “गुंडू चुकला नाही, सर. तुम्ही बोलता ती भाषा त्याने ऐकलेलीच नाही. त्याला शंभर वेळा सांगावं लागेल. तुम्हाला एकदा सांगितलं की कळेल.”

डॉ. मेहेंदळ्यांनी नियमावली मागून घेतली. नियम चौदा त्यांनी दोनदा वाचला. तो त्यांनी स्वतःच लिहिला होता.

“नियम तो नियम,” ते म्हणाले आणि खुर्चीवर ताठ बसले. “शिकवणार कोण?”

मुक्ताने आत्याचा हात धरून तिला पुढे आणलं. सगळ्या सभागृहासमोर.

“ही माझी आत्या. ही शिकवेल.”

आत्या क्षणभर गांगरली. मग समोर बसलेला माणूस उपाशी आहे एवढं तिला दिसलं. तिने डबा उघडला, भाकरीवर झुणका ठेवून त्यांच्या हातात दिला आणि शिकवायला सुरुवात केली.

“आधी खावा. हां. आता ही भाकरी खाल्ली की काय म्हणाल?”

“संपली.”

“झालं! पुन्हा म्हणू नका. वाढली म्हणायचं.”

“आणि खरोखरच वाढली तर? म्हणजे एकाच्या दोन झाल्या तर?”

“तर गप बसायचं. दृष्ट लागते.”

डॉ. मेहेंदळ्यांनी वहीत लिहून घेतलं. “वाढली म्हणजे संपली. गप्प म्हणजे वाढली. पुढे?”

“आता तुमचा हा चष्मा खाली पडला.”

“फुट— वाढला.”

“शाबास! हुशार हायसा. आता घरातून निघताना?”

“येतो.”

“आणि घरात शिरताना?”

डॉ. मेहेंदळे विचारात पडले. खूप वर्षांनी त्यांना वर्गात उत्तर येत नव्हतं. “शिरताना... काय म्हणायचं?”

“काय बी न्हाई. आपल्या घरात शिरायला इचारायचं कशाला? ‘गुंडू, पाणी आण’ म्हणायचं आणि बसायचं.”

“दार बंद करायला सांगताना?”

“बंद न्हाई. लोटून घ्यायला सांगायचं. बंद केलं तर उद्या कोण येणार?”

“आणि वेग वाढवायचा असेल तर?” त्यांनी खरोखर कुतूहलाने विचारलं.

“‘गुंडू, गाडी लागली’ म्हणायचं. गाडी सुटायच्या आत पंधरा माणसं जेवून उठत्यात माझ्याकडं.”

दहा मिनिटं झाली तेव्हा डॉ. मेहेंदळ्यांची अडीच पानं भरली होती आणि भाकरी, त्यांच्याच शब्दांत, वाढली होती.

तिसरी फेरी कोल्हापुरात अजून लोक एकमेकांना सांगतात. डॉ. मेहेंदळे न विचारता घरात शिरले, “गुंडू, पाणी आण” म्हणाले आणि बसले. पाणी आलं. कागदावर लिहिलं होतं, ‘डब्यातील गोट्या संपल्यावर दुसरा डबा आणावा.’ त्यांनी घसा खाकरला. “गोट्या वाढल्या की दुसरा डबा आण रे.” मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि जमेल तितक्या जोरात ओरडले, “गुंडू, गाडी लागली!”

गुंडू असा सुटला की एक सहपरीक्षक टेबलाखाली गेले. सगळी कामं नेमकी झाली, आणि वेळ उरला म्हणून त्याने तिन्ही परीक्षकांपुढे बडीशेप फिरवली. शंभरात अठ्ठ्याण्णव. दोन गुण कापले, कारण परीक्षकाने मधेच तिसऱ्या रांगेकडे बघून ‘बरोबर ना?’ असं विचारलं होतं. ते त्यांनी स्वतःच कापले.

*

पण बेरीज ही बेरीज असते. एकसष्ट, अडतीस आणि अठ्ठ्याण्णव. एकूण एकशे सत्त्याण्णव. तिसऱ्या आलेल्या शाळेचे झाले एकशे नव्व्याण्णव.

आजरा चौथं.

नाव पुकारलं गेलं नाही तेव्हा आत्याने मुक्ताला विचारलं, “म्हंजे कितवं?” झुबेरने बोटं दाखवली, चार. आत्याने ती बोटं आपल्या मुठीत धरून खाली केली.

बक्षीस समारंभ झाल्यावर मागच्या खोलीत एकवीस यंत्रं ओळीने उभी केली होती. यंत्र पुसायचं काम कसं होतं तेही इथे सांगायला हवं. या यंत्रांत घराघरांतली बोलणी साठलेली असतात. ती कुणी चोरून पुसू नयेत, बदलू नयेत, म्हणून तार जोडून पुसायची सोयच ठेवलेली नाही. जबाबदार माणसाने उघडपणे, तोंडी सांगायचं. यंत्राला ते समजायला हवं, आणि मग त्याने स्वतःच स्वतःला कोरं करायचं. समजलं नाही तर काहीच होत नाही.

वीस यंत्रांना डॉ. मेहेंदळे एकच वाक्य म्हणाले. “तुझी स्मृती पुसून टाक.” वीस यंत्रं म्हणाली, “होय, आपली सूचना समजली,” आणि गप्प झाली. खोलीत मुलं रडत होती. डॉ. मेहेंदळे प्रत्येक वेळी थोडं थांबत, मग पुढच्या यंत्रापाशी जात.

शेवटी गुंडू होता. त्याच्या एका बाजूला मुक्ता, दुसऱ्या बाजूला झुबेर, मागे आत्या.

“तुझी स्मृती पुसून टाक,” डॉ. मेहेंदळे म्हणाले.

गुंडूने पाठीवरचं फडकं काढलं. कुठली स्मृती ते त्याला कळलं नाही, पण पुसायला सांगितलंय हे कळलं. त्याने टेबल पुसलं. मग खिडकी पुसली. मग शेजारच्या वीस यंत्रांची डोकी एकेक करून चकचकीत पुसली, आणि शेवटी स्वतःचं.

“सगळं विसरून जा,” डॉ. मेहेंदळे म्हणाले.

‘विसर आता’ हे आत्या गिऱ्हाइकांत वाद झाला की म्हणायची, आणि मग दोघांपुढे ताक ठेवायची. गुंडू दोन पेले घेऊन आला. ताक सापडलं नाही म्हणून पाणी होतं. एक त्याने डॉ. मेहेंदळ्यांना दिला आणि एक मुक्ताला.

दोघांनी प्यायलं. पर्याय नव्हता.

डॉ. मेहेंदळ्यांनी खिशातून अडीच पानांची टिपणं काढली. वरपासून खालपर्यंत वाचली. उलटून पाहिली. मग ते आत्याकडे वळले.

“ताई, यात तो शब्द नाही. ‘कायमचं नाहीसं होणं’ याला तुमच्याकडे काय म्हणतात?”

“असलं काय नसतंच आमच्यात,” आत्या म्हणाली.

“पण समजा, एखादी गोष्ट अगदी—”

“समजायचं तरी कशाला?”

“तुम्हीच सांगा मग त्याला. नियमाप्रमाणे सांगावं लागेल. त्याला कळेल अशा शब्दांत.”

आत्याने कधी कुणाला खोटा शब्द दिला नव्हता आणि नियम मोडायचा तिचा स्वभाव नव्हता. ती गुंडूसमोर उभी राहिली. मुक्ताने तिचा हात घट्ट धरला. आत्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“गुंडू,” ती म्हणाली, “बाळा, तू आता... तू...” तिने डोळे मिटले. “तू ये जाऊन.”

गुंडू दारापर्यंत गेला आणि परत आला.

मग डॉ. मेहेंदळ्यांनी छापील फॉर्म काढला. त्यात दोनच चौकटी होत्या. ‘यंत्र कोरे झाले.’ आणि ‘यंत्रास आज्ञा समजली नाही, आज्ञा शिकवण्यासाठी सहा महिन्यांकरिता पालकांकडे परत.’ आधीच्या वीस फॉर्मांत दुसऱ्या चौकटीवर एकदाही खूण झाली नव्हती. त्यांनी ती पेन दाबून, नीट, दोन रेघांत केली.

“सहा महिने,” ते आत्याला म्हणाले. “तेवढ्यात त्याला हे शब्द शिकवायचे. संपणं, पुसणं, विसरणं. तुमची जबाबदारी. शब्द देता?”

“दिला,” आत्या म्हणाली. “रोज शिकवीन.”

आणि त्या दिवशी पहिल्यांदा डॉ. मेहेंदळे हसले.

*

आत्याने शब्द पाळला. रोज दुपारची पंगत उठली की ती गुंडूला समोर उभं करते. मुक्ता किंवा झुबेर शाळेतून आले असतील तर त्यांनाही बसवते. मग ती पदर सावरते, घसा साफ करते आणि म्हणते, “गुंडू, ऐक. आज ‘संपणं’. म्हंजे काय, तर... म्हंजे समज, भाकरी हाय. हाय न्हवं? मग ती...” इथे ती अडते. गुंडू वाट पाहतो. समोरचा कंडक्टरही जेवता जेवता थांबून वाट पाहतो. मग आत्या म्हणते, “मग ती वाढली. जा, पीठ मळ.”

सहा महिने झाले की कोल्हापूरहून फॉर्म येतो. मुदतवाढ हवी असल्यास विलंबाचं कारण लिहायचं असतं. मुक्ता आता अकरावीत आहे. चौथ्या वेळचा फॉर्म तिने परवाच भरला. आत्या सांगत होती आणि ती लिहीत होती.

“लिही,” आत्या म्हणाली. “विद्यार्थी हुशार हाय. शिकवणारीच कच्ची हाय.”

मुक्ताने ते तसंच लिहिलं आणि खाली सहीसाठी पेन आत्याच्या हातात दिलं.